पट्टेरी पिल्लू

डॉक्टर : चोळत राहा. थांबू नकोस. रडलं की मग थांब.

भाची : रडतच नाहीये ना पण! नुसतं तोंड उघडतंय, आवाज नाही.

डॉक्टर : तोंड उघडतंय म्हणजे जीव आहे. डोकं खाली धर आणि त्या नळीनं नाकातलं ओढून घे. हळू. सायकलची हवा भरत नाहीयेस.

भाची : थांबा... हां. चिरकलं! ऐकलंत?

डॉक्टर : ऐकलं. दिव्याखालच्या पेटीत ठेव आणि दुसरं घे.

भाची : आणि ते जे अडकलं होतं? पहिलं?

डॉक्टर : ते राहू दे. टॉवेल घातलाय मी त्याच्यावर. तुम्ही दारात गाडी लावायच्या आधीच ते गेलेलं होतं.

भाची : आणि दांडगी? तिचं काय?

डॉक्टर : दांडगी झोपलीय. श्वास इतका छान चाललाय तिचा, की बुलडॉगला भूल दिलीय हे मी मघाशी विसरले. ते तुमचं श्रेय. दुसरी कुठली असती तर घोरून घोरून मला घाम फोडला असता. पण पिशवी फाटलीय गं. शिवून पाहिली, धरत नाही. काढावी लागेल.

भाची : म्हणजे परत कधीच...

डॉक्टर : परत कधीच नाही. ती हवी की पिशवी हवी?

भाची : हे काय विचारणं झालं? ती हवी.

डॉक्टर : मग आता मला काम करू दे. तू बोललीस तरी चालेल, फक्त उत्तराची वाट बघू नकोस.

भाची : माझंच चुकलं, डॉक्टर. सकाळपासून मामा मागे लागला होता, चल, दवाखान्यात नेऊ. मीच अडून बसले. म्हटलं, हिच्या आईनं घरच्या पोत्यावर आपली आपण पिल्लं दिली, हिची मावशी तशीच व्यायली, मग हिलाच कशाला टेबलावर घालायचं? त्याच्यावर ओरडले मी. म्हटलं, मामा, तूच घाबरायला लागलास तर आपण एवढी वर्षं केलं काय? गप्प बसला बिचारा. ओट्याशी जाऊन उभा राहिला, पाठ करून.

डॉक्टर : मामा म्हणत होते, दवाखान्यात नेऊ?

भाची : सारखं. सकाळी तिनं पोतं उकरायला घेतलं तेव्हापासून.

डॉक्टर : नवलच आहे. मागच्या वेळी मी आपणहून म्हटलं होतं, सोय करून ठेवते, तर माझ्यावर केवढे भडकले होते. 'आमच्या कुत्र्या बाळंतपणाला दवाखान्यात जात नाहीत,' म्हणाले. कात्री दे ती. नाही, बाकदार.

भाची : ही घ्या. वय झालंय आता त्याचं, म्हणून धीर सुटला असेल. डॉक्टर?

डॉक्टर : हं.

भाची : ओलं असल्यामुळे असं दिसतं का हो?

डॉक्टर : कसं?

भाची : ह्याच्या अंगावर पट्टे आहेत.

डॉक्टर : पुसून बघ नीट.

भाची : पुसलं. पट्टेच आहेत. काळपट, वाघासारखे. आणि ह्या दुसऱ्याच्याही.

डॉक्टर : इकडे आण. जवळ नको, माझे हात निर्जंतुक आहेत. तिथूनच दाखव, दिव्यात धर. हं. तोंड उघड त्याचं. करंगळी घाल. वर काय लागतं?

भाची : टाळूला... चीर आहे. आरपार.

डॉक्टर : वाटलंच. आणि डोकं बघ केवढं. खांदे बघ. हे पिल्लू ह्या आईच्या वाटेनं बाहेर येणारच नव्हतं. तू आज सकाळी आणलं असतंस, काल आणलं असतंस, तरी मला पोट उघडावंच लागलं असतं.

भाची : पण बाप पळपुट्या आहे! पळपुट्याचं डोकं असं कुठंय? त्याचं थोबाड तर इतकं लांब आहे की लोक विचारतात, ह्याच्यात काय मिसळलंय म्हणून. मी स्वतः लावली जोड. मामानं दांडगीचा पट्टा धरला होता, मी पळपुट्याला आणलं.

डॉक्टर : पळपुट्याचा रंग?

भाची : बदामी. दांडगीही बदामीच.

डॉक्टर : दोन बदामींच्या पोटी पट्टेरी होतं का? मला नको विचारूस, रंगांचं गणित तूच मला शिकवलंस.

भाची : नाही होत.

डॉक्टर : आता तो दुसरा टॉवेल उचल. खिडकीजवळचा. त्याच्याखाली शेवटचं आहे, सगळ्यांच्या मागे होतं ते.

भाची : हे... हे बदामी आहे.

डॉक्टर : नाक बघ.

भाची : पळपुट्याचं नाक आहे. हे आमचं. हे कशानं गेलं?

डॉक्टर : पुढचं अडकून बसलं, ह्याला वाटच मिळाली नाही. एका माजात कुत्रीला दोन बाप होऊ शकतात. दोन दिवसांच्या अंतरानं दोघांचं बीज गेलं, तर एकाच वेतात दोघांची पिल्लं. पुस्तकात नेहमी असतं, टेबलावर मी फारदा पाहिलं नाही.

भाची : पण दुसरा कुठून आला? कुंपण केवढं आहे आमचं! आणि पट्टेरी बुलडॉग ह्या भागात आहे तरी कोणाकडे? एकच तर आहे, कुत्र्यांच्या क्लबच्या अध्यक्षांचा बादशहा.

डॉक्टर : बादशहा माझ्या दवाखान्याच्या पायऱ्या चढत नाही. दोन माणसं उचलून आणतात त्याला. उन्हात गाडीपर्यंत चालला तरी जीभ निळी पडते. तो कुंपण चढेल असं वाटतं तुला?

भाची : दार उघडं राहिलं असेल.

डॉक्टर : दार उघडून गादी घातलीस तरी उपयोग नाही. त्याला कुत्रीवर चढताच येत नाही गं. नाव एवढं मोठं आणि आजवर एकही जोड त्याची त्याला लागलेली नाही. त्याचं बीज काढतात आणि नळीनं कुत्रीत सोडतात. सगळा क्लब जाणतो हे. त्याला दोन-तीन माणसं लागतात, आणि कुत्री शांत उभी राहायला लागते. म्हणजे तिच्या डोक्याशी तिच्या भरवशाचं कोणीतरी लागतं.

भाची : कोणाला म्हणताय तुम्ही?

डॉक्टर : मी कोणाला काही म्हणत नाहीये. मी टाके घालतेय. तू त्या टाळू फाटलेल्याला ऑक्सिजन लाव. तो छोटा मास्क घे, मांजरांचा.

(मामा खांद्यानं दार ढकलून आत येतात. दोन्ही काखांत गरम पाण्याच्या पिशव्या.)

मामा : घ्या, घरात होत्या नव्हत्या तेवढ्या आणल्या. एक गळतेय, ती मी स्वतःच्या शर्टावर सांडून घेतलीय, तेव्हा आधी मलाच वाळवा कोणीतरी. काय गं ठमे? कशी आहे आपली बाळंतीण? डॉक्टरबाई, सुटली ना?

डॉक्टर : जगेल.

मामा : हुश्श. मला तर त्या रस्त्यावर प्रत्येक सिग्नल... असो. पिल्लं?

भाची : दोन जगली, दोन गेली. हे धर.

मामा : अरे वा. आण इकडे. अले अले अले, कोण आलंय बघू... हं. लहान आहे. गरम ठेवायला पाहिजे ह्याला.

भाची : बघ ना त्याच्याकडे.

मामा : बघतोय की.

भाची : पट्टेरी आहे.

मामा : हो ना. मागचा कोणी पणजोबा असेल पट्टेरी. कधी कधी उसळी मारतं रक्त.

भाची : तुला नवल नाही वाटलं, मामा.

मामा : म्हणजे?

भाची : तू मला रंग शिकवलेस. शाळेच्या पाटीवर चौकोन आखून शिकवलेस. बदामी आणि बदामी, चारही घरांत बदामी, हे तू मला खडूनं काढून दाखवलं होतंस. आज तुझ्या हातात पट्टेरी पिल्लू दिलं आणि तू म्हणालास, लहान आहे, गरम ठेवा.

मामा : अगं, आता इथं रंग बघत बसू का? जीव महत्त्वाचा. तू दमलीयस. मला तर वाटतं, एखाद्या दिवशी शेजारच्या गल्लीतला एखादा कुत्रा कुंपणावरून...

डॉक्टर : मामा, तो विषय आमचा बोलून झालाय. नळी लागते.

भाची : मामा.

मामा : बाहेर बोलू या. डॉक्टरांचं काम चाललंय.

डॉक्टर : माझं चालू द्या. मला त्रास नाही.

भाची : कधी केलंत?

मामा : केलंत? अगं, मला तू म्हणतेस तू.

भाची : कधी केलंत, मामा?

मामा : तू नव्हतीस तेव्हा.

भाची : मी कुठं नव्हते? दांडगी माजावर आली की मी गाव सोडत नाही. मी तर फक्त... आईच्या ऑपरेशनला गेले होते.

मामा : हो.

भाची : आईपाशी होते मी. तुमच्या बहिणीपाशी. पलंगाशेजारच्या खुर्चीत झोपत होते आणि तुम्हाला फोन करून विचारत होते, दांडगी जेवली का. तुम्ही म्हणायचात, तू इकडची काळजी करू नकोस, ताईकडे बघ. आणि आई विचारायची, तुझा मामा का नाही आला? मी सांगायचे, त्याचा गुडघा धरलाय. तर म्हणाली, मग त्याला अजिबात यायला लावू नकोस, जिना आहे इथं. भूल उतरत होती तिची आणि तिला तुमच्या गुडघ्याची काळजी!

मामा : गुडघा दुखतच होता.

भाची : दुखऱ्या गुडघ्यानं दांडगीच्या डोक्याशी बसलात ना?

मामा : ठमे, ऐक माझं. एकदा पूर्ण ऐकून घे, मग काय बोलायचं ते बोल. मी काही वाईट करायला नाही गेलो. माझ्या मनात हिशेब साधा होता. आपली कुत्री तब्येतीनं खणखणीत. श्वास स्वच्छ, कंबर मजबूत, मैलभर चालते. तिकडे बादशहा, दिसायला देखणा. असा चेहरा सगळ्या देशात नाही. म्हटलं, श्वास आईचा येईल आणि चेहरा बापाचा. एक पिल्लू, फक्त एक पिल्लू असं निघालं, तर क्लबातल्या लोकांची तोंडं बंद होतील. मग ते सगळे आपल्या मागे येतील. तुझंच काम पुढं जाईल.

डॉक्टर : डोकं बापाचं आलं, वाट आईची राहिली.

भाची : आणि हे तुम्ही मला का नाही सांगितलंत?

मामा : तू नाही म्हणाली असतीस.

भाची : मग?

मामा : मग काय. म्हणून नाही सांगितलं.

भाची : वा.

मामा : तुला नाही कळायचं. गेल्या प्रदर्शनात आपण दांडगीला रिंगणात नेलं होतं, आठवतं? परीक्षकानं तिच्या हनुवटीखाली हात घातला, थोबाड वर केलं आणि माइकवर म्हणाला, 'कोणीतरी चुकून दुसऱ्या रांगेतला कुत्रा इकडे आणलाय.' सगळा मांडव हसला. तूही हसलीस! तू म्हणालीस, बरं झालं, म्हणजे आपण बरोबर रस्त्यावर आहोत. मला नाही हसता आलं. त्या मांडवात मी तुझ्या जन्माच्या आधीपासून जातोय. खुर्च्या लावल्यात मी तिथं. ती माणसं माझ्या लग्नात होती. आता समोर आलो की दुसरीकडे बघतात. चहाच्या टपरीपाशी घोळका असतो, मी गेलो की पांगतो. आणि अध्यक्ष आपल्या घरी आले. आपणहून. आपल्या त्या मोडक्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, 'तुमच्यासारखा हात नाही हो कुणाचा, एकदा बादशहाचं रक्त घेऊन बघा.' इतक्या वर्षांनी कोणीतरी माझ्या हाताचं नाव काढलं.

भाची : मी रोज काढत होते.

मामा : तुझं वेगळं.

भाची : हो, वेगळंच. मी घरची. मामा, बुटकी आठवते का तुम्हाला? तुमची पहिली कुत्री. मोगऱ्याच्या कुंडीपाशी आडवी पडली होती, मी तिच्या अंगावर ओले टॉवेल टाकत होते आणि ते टॉवेल लगेच गरम होत होते. मी शाळेत होते तेव्हा. तुम्ही तिला मांडीवर घेऊन रडलात. म्हणालात, आपण ह्यांना नाकं ठेवली नाहीत, आता ह्यांनी श्वास घ्यायचा कुठून? तुम्ही म्हणालात, आपण दोघं मिळून असा बुलडॉग काढू, जो उन्हात चालेल आणि आपली पिल्लं आपण देईल. मी लहान होते. खरं मानलं मी ते. आईनं स्थळं आणली, बाहेरगावची नोकरी आली, सगळ्याला नाही म्हटलं. घरात भांडणं झाली. आई म्हणायची, भावानं माझ्या पोरीला कुत्र्यांच्या नादाला लावलं. मी तुमच्या बाजूनं भांडले तिच्याशी!

मामा : ते सगळं खरंच होतं गं. आजही खरं आहे.

भाची : आणि मी परत आल्यावर? पळपुट्याला आणलं तेव्हा पट्टा धरून उभे होतात तुम्ही. तिच्या पोटात दुसऱ्याचं बीज आहे हे ठाऊक असून. 'शाब्बास पळपुट्या' म्हणालात. मला हसवलंत.

मामा : मला वाटलं, त्याचंच धरेल. मनातल्या मनात तेच म्हणत होतो, ह्याचंच धरू दे. पस्तावलो होतो मी तेव्हाच.

भाची : तेव्हाच सांगायचं.

मामा : तू ताईच्या आजारपणातून आली होतीस. डोळ्यांखाली काळं झालं होतं तुझ्या.

भाची : मग पोट वाढलं तेव्हा. दोन महिने होते, मामा! आपण रोज तिच्या पोटाला हात लावून बसत होतो. तुम्ही म्हणायचात, हे बघ लाथ मारली.

मामा : रोज ठरवायचो, आज सांगू. रोज तू काहीतरी आनंदानं बोलत यायचीस.

भाची : बरं, तेही सोडा. आज सकाळी?

मामा : आज सकाळी मी म्हणत होतो ना तुला! जीव तोडून म्हणत होतो. चल, दवाखान्यात नेऊ, चल. तूच नाही म्हणालीस. डॉक्टरबाई, विचारा हिला. मी म्हटलं होतं.

भाची : का नेऊ ते म्हणालात? मी तुमच्यावर ओरडले. मी म्हटलं, आपल्या कुत्र्या आपल्या आपण वितात. तुम्ही पाठ करून ओट्याशी उभे राहिलात. मला वाटलं, तुम्हाला लागलं माझं बोलणं. मला वाईट वाटलं, मामा. मी तुमच्यासाठी चहा टाकला! तिकडे ती कळा देतेय, मी तिला चुचकारतेय, दे बाय, जोर दे, तुला येतं. येतच नव्हतं तिला, कसं येणार होतं! एक वाक्य. 'पोटात बादशहाचंही आहे.' एवढं बोलला असतात तर मी चपलासुद्धा न घालता उचलून आणलं असतं तिला. ते बदामी पिल्लू आपलं होतं. नाक होतं त्याला. सगळ्यांच्या मागे उभं होतं आणि पुढचा रस्ता बंद होता.

मामा : बघू दे मला ते.

भाची : नको.

मामा : ठमे, एकदा.

भाची : नाही म्हटलं ना.

डॉक्टर : मामा, तुमचा फोन वाजतोय. बराच वेळ.

मामा : वाजू दे.

भाची : कोणाचा आहे?

मामा : कोणाचा नाही.

भाची : अध्यक्षांचा आहे. दिसतंय मला. त्यांना कशाला घाई? त्यांना कोणी सांगितलं, आज व्यायली म्हणून?

मामा : मीच. गाडीतून. ठरलं होतं तसं.

भाची : काय ठरलं होतं?

मामा : पट्टेरीतलं पहिलं पिल्लू त्यांनी निवडायचं. रीतच आहे ती, बापाच्या मालकाची.

भाची : म्हणजे मी मागच्या सीटवर दांडगीचं डोकं धरून बसले होते, आणि तुम्ही पुढं बसून त्यांना निरोप देत होतात. मला वाटलं, डॉक्टरांना फोन लावताय. घ्या तो. सांगा त्यांना.

मामा : काय सांगू?

भाची : जे झालं ते. एक अडकून मेलं, एकाची टाळू फाटलीय, कुत्रीचं पोट उघडावं लागलं. सांगा की असं पुन्हा कोणाच्या कुत्रीला करू नका.

मामा : हॅलो. हो साहेब, नमस्कार... हो, झाली. सुखरूप, म्हणजे ऑपरेशन झालं... दोन... हो, पट्टेरी, दोन्ही पट्टेरी... डोकं ना, डोकं चांगलं आहे, भरदार आहे... नाही, म्हणजे एकाला जरासं... हो... हो... बघू ना. बघू. सांगतो मी. ठेवतो, साहेब.

भाची : बघू?

मामा : एकदम कसं बोलायचं गं त्यांना? मोठा माणूस आहे. उद्या निवांत समजावून सांगेन.

भाची : डोकं भरदार आहे, म्हणालात.

मामा : तोंडातून गेलं.

भाची : मघाशी मला वाटलं होतं, तुम्ही चुकलात. चुकलात, घाबरलात, म्हणून बोलला नाहीत. मी तेही गिळलं असतं, मामा, थोडे दिवस गेल्यावर. आता फोनवर ऐकलं तुम्हाला.

डॉक्टर : पोरी, मास्क सरकलाय बघ. नाकावर धर.

भाची : धरला. डॉक्टर, माझा फोन त्या टेबलावर आहे. बेकरीवाल्या बाईंचा नंबर लावून माझ्या कानाशी धराल? माझा हात मोकळा नाही.

डॉक्टर : थांब, हातमोजे काढते. टाके झालेच आहेत. कोण ह्या?

भाची : दांडगीच्या पिल्लासाठी थांबल्यात किती दिवसांच्या. त्यांचा आधीचा कुत्रा दुकानाच्या दारात धापा टाकत गेला. मी त्यांना शब्द दिला होता, आमचं पिल्लू तुमच्याबरोबर बाजारापर्यंत चालत जाईल आणि चालत परत येईल.

मामा : अगं, त्यांना आत्ता कशाला? दुसऱ्या वेताच्या वेळी...

डॉक्टर : दुसरं वेत नाही, मामा. पिशवी काढलीय. तुम्ही आला नव्हता तेव्हा.

मामा : काढली?

डॉक्टर : काढली. लागलाय बघ फोन.

भाची : हॅलो, मी बोलतेय, कुत्रीवाली... हो, झाली ती. ती बरी आहे. पण ताई, तुमच्यासाठी पिल्लू नाही... नाही, दोन आहेत, पण ती देण्यासारखी नाहीत. मी तुम्हाला जसं सांगितलं होतं तशी नाहीत ती. बाप वेगळा निघाला... नाही हो, कुत्र्याचं काय चुकणार. आमच्याच घरात झालं. मला माहीत नव्हतं, एवढंच सांगू शकते. रागावलात तर चालेल मला... नाही? बरं. नका पाठवू काही, मला जेवण जाणार नाही आज. ठेवते, ताई.

मामा : 'आमच्याच घरात' म्हणालीस. माझं नाव घेतलं नाहीस.

भाची : तुम्हाला वाचवायला नाही. माझ्याच्यानं उच्चारवेना.

मामा : आता काय करायचं, ठमे? तू सांग, तसं करतो. उद्या क्लबात जाऊन सगळ्यांसमोर बोलतो. खरंच. चल तू माझ्याबरोबर.

भाची : मी नाही येणार. तुम्ही बोललात तर बोललात. दांडगी इथून माझ्याकडे येईल, आईकडे. पळपुट्याला संध्याकाळी येऊन घेऊन जाईन. त्याची भांडी राहू देत, नवी घेईन.

मामा : आणि ही दोघं?

भाची : ती पण माझ्याकडे. त्यांनी काय केलंय? टाळू फाटलेल्याला नळीनं दूध पाजावं लागेल, डॉक्टर शिकवतील. कोणाला द्यायची नाहीत, कोणाला दाखवायची नाहीत. अध्यक्ष निवडायला आले तर दार मी उघडेन.

मामा : मला येऊ देशील? दूध पाजायला? हात चांगला आहे गं माझा ह्या कामाला. तूच म्हणायचीस.

भाची : आईला विचारते.

मामा : ताईला सांगणार तू हे?

भाची : ती विचारेल ना, दांडगीला इथं का आणलं म्हणून. ह्या खेपेला मी गुडघ्याचं कारण नाही सांगणार.

डॉक्टर : बरं, तुमचं नंतर चालू द्या. दांडगी शुद्धीवर येतेय. पाय झाडायला लागलीय, घाबरलीय ती. टाके ताजे आहेत, उठायला बघेल. कोणीतरी ओळखीचं जाऊन तिच्या डोक्याशी बसा आणि बोलत राहा.

मामा : तू जा, ठमे.

भाची : मी कशी जाऊ? मास्क काढला की हे निळं पडतंय.

मामा : मी... नाही गं. कोणत्या तोंडानं जाऊ मी तिच्यापुढं?

डॉक्टर : कोणीही जा, पण आत्ता जा. कण्हायला लागली बघा.

भाची : तुम्हीच जा, मामा. आवाज ओळखते ती तुमचा.

मामा : काय बोलू मी तिच्याशी?

भाची : रोज बोलता तेच. तिला अजून काही माहीत नाही.